मा जोडचं पातेलं



मागच्या दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मंदिरात दहा मिनिटं बोलायचं माझ्याकडे आलं. तेव्हा मी जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही १९३९ सालची अमेरिकन कादंबरी वाचत होते. डोक्यात तीच घोळत होती, म्हणून तिच्यातल्या एका बाईविषयी बोलले. खाली येऊन बसले तर शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं, डुकरं मारणाऱ्यांची गोष्ट मंदिरात सांगायची?" तिथे मला उत्तर सुचलं नाही. आज लिहिते.

डुकरं मारतात हे खरं. जोड कुटुंब ओक्लाहोमातलं. दुष्काळ, धूळ, कर्ज, आणि शेवटी जमीन दुसऱ्याच्या ताब्यात. कॅलिफोर्नियात फळं तोडायचं काम मिळतं अशी छापील पत्रकं आलेली असतात, त्यांच्या भरवशावर तेरा माणसं एका जुन्या गाडीत बसून निघतात. निघण्याआधी दोन डुकरं मारून मांस खारवतात. ती पानं मी न वाचता उलटली, खोटं कशाला सांगू? पण त्याच पुस्तकात आधी रस्ता ओलांडणारं एक कासव आहे. एक बाई त्याला वाचवायला गाडी बाजूला घेते आणि मागून येणारा ट्रकवाला मुद्दाम त्याच्यावर गाडी घालतो. कासव वाचतं. प्रमाद आणि हिंसा यांवर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत, पण हे कासव त्या सगळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

मंदिरात मी बोलले ते मा जोडबद्दल, घरातल्या आईबद्दल. निघायच्या पहाटे ती एक पेटी उघडते. आत पत्रं, कात्रणं, फोटो. अंगठी, कानातले असं थोडंसं काढून घेते आणि बाकीची पेटी चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवते. मी हे वाचलं आणि पहिला विचार आला, हाच अपरिग्रह. मंदिरात बोलतानाही तसंच म्हटलं. आता वाटतं, ते चुकलं. तिच्याकडून हिसकावून घेतलं गेलं होतं. गाडीत जागा नाही म्हणून जाळलं त्याला त्याग कसं म्हणायचं? तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा, आसक्ती. वस्तू गेली म्हणून आसक्ती जात नाही, आणि गरिबाच्या नसण्याला आपण आकिंचन्य म्हणू लागलो तर ते आपल्याच सोयीचं होतं. मी वर्षाला चारच साड्यांची मर्यादा घेतली आहे आणि तिचा मला अभिमान होता. माळ्यावर सासूबाईंच्या नावाची भांडी पोत्यात बांधलेली आहेत, त्यातली एक वाटीही मला कुणाला देववत नाही. (मा जोड ते कानातले पुढे लेकीचे कान टोचून तिच्या कानात घालते. तिथे मी रडले.)

पण व्रत म्हणावं असं काही त्या पुस्तकात असेल तर ते पेटीत नाही, पातेल्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका तळावर ती रस्सा शिजवत असते. वासावर उपाशी पोरं येऊन भोवती उभी राहतात. मागत नाहीत, फक्त बघतात. घरच्यांनाच पुरेल की नाही अशी अवस्था. ती घरच्यांना वाढून तंबूच्या आत पाठवते, पोरांसमोर खाऊ नये म्हणून. मग पोरांना सांगते, चपट्या काड्या आणा, तळाशी राहिलंय ते खरवडून घ्या. आपण बरोबर केलं की चूक, हे तिला कळत नाही. नंतर एक आई भांडायलाही येते, की माझा मुलगा घरी येऊन सांगतो त्यांच्याकडे रस्सा होता, आपल्याकडे का नाही?

त्या रश्श्यात मांस होतं, काकू. मला माहीत आहे. तरी मला आपलं अतिथिसंविभाग व्रतच आठवलं, आणि त्याबरोबर दुसरंही एक, जे मी मंदिरात सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी चातुर्मासात आमच्याकडे चौका होता. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक, गाळलेलं पाणी, दाराशी पडगाहनाची तयारी. महाराजांचा आहार निर्विघ्न झाला, सगळ्यांचे डोळे भरून आले. मध्येच कधीतरी आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची मुलगी मागच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. पाचेक वर्षांची असेल. काही बोलली नाही, नुसती आत बघत होती. मी म्हटलं, "आत्ता नको गं, नंतर ये."

तिला चौक्यात घेता आलं नसतं, शुद्धी पाळायलाच हवी. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नंतर मी तिला हाक मारली नाही, आणि ती आपणहून आली नाही. त्या दिवशी पातेल्यात चांगली दोन वाट्या खीर उरली होती. दुपारी आम्हीच संपवली.