आडनाव बदललं, पाटी कोण बदलणार?

परवा रात्री अकोल्याहून भाचीचा फोन. "मामा, मॅन्युअलमधलं जसंच्या तसं लिहिलं, तरी चालूनच नाही राह्यलं. दोन दिवस झाले!" आवाज अगदी रडवेला. आयुष्यातला पहिला सर्व्हलेट लिहीत होती बिचारी. म्हटलं, एररची पहिली ओळ वाच. जावाएक्स.सर्व्हलेट नावाचं पॅकेजच अस्तित्वात नाही, असं कंपायलर म्हणत होता.

पोरीची चूक नव्हतीच. चूक कागदाची होती.

त्याचं असं आहे. जावा ईई हे सगळं प्रकरण एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली करायचं ऑरॅकलने २०१७ मध्ये ठरवलं. पण 'जावा' हा ट्रेडमार्क स्वतःकडेच ठेवला. 'जावाएक्स' या नावाखाली पुढे बदल करण्याविषयीची बोलणी २०१९ मध्ये फिसकटली. मग २०२० च्या अखेरीस जकार्ता ईई ९ आलं, आणि त्यातल्या क्लासेसचं आडनाव 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं. एचटीटीपीसर्व्हलेट हे पाळण्यातलं नाव तेच, आडनाव नवं. टॉमकॅट ९ ला जुनं आडनाव कळतं, टॉमकॅट १० ला नवं. भाचीने उतरवून घेतला १०, आणि हातातलं मॅन्युअल ९ च्या काळातलं. त्यावर ना तारीख, ना आवृत्ती.

नावं बदलण्यावर माझा राग नाही. राग आहे तो "डॉक्युमेंटेशन नंतर बघू" या तीन शब्दांवर. हा 'नंतर' कधी उगवतो? कोड बदलला नाही तर कंपायलर ओरडतो, म्हणून कोड बदलतो. कागद ओरडत नाही. त्याच्या वतीने ओरडतं ते कुठल्यातरी हॉस्टेलमधलं पोरगं, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही.

पुण्यात अडलं तर शेजारच्या टेबलावरच्याला विचारता येतं. अमरावती-अकोल्याच्या पोराला बरेचदा शेजारचं टेबलच नसतं. त्याचा गुरू म्हणजे तो कागद. गुरूच खोटं बोलला तर शिष्याला काय वाटतं? 'मलाच जमत नाही.' नुकसान दोन दिवसांचं नाही हो, या वाटण्याचं आहे. यातून कितीजण ही वाटच सोडून देत असतील!

याच्या उलट दुसरी जमात. त्यांना वाटतं, शोधा आणि बदला, पाच मिनिटांचं काम. हे पाप मीही केलंय. आमच्या टीमच्या टिपणांत सरसकट 'जावाएक्स' काढून 'जकार्ता' घातलं आणि हात झटकले. पण जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.स्विंग ही मंडळी मूळ जावातच राहतात, त्यांचं आडनाव बदललेलंच नाही! डेटाबेसची सगळी उदाहरणं मी एका झटक्यात मोडून ठेवली. एकही चालवून बघितलं नव्हतं. आठवड्याने एका नव्या मुलाने विचारलं, तेव्हा कळलं.

आता कोणी म्हणेल, जुन्या नावांचा कचरा नव्या कागदात कशाला? कशाला म्हणजे? शोधणारा जुनंच नाव घेऊन येतो म्हणून! आपल्या वऱ्हाडातलंच बघा. इंग्रजांच्या कागदावरचं एलिचपूर आज अचलपूर आहे, पण शकुंतलेच्या त्या स्टेशनचा कोड ईएलपीच. १९०५ पर्यंत एलिचपूर नावाचा वेगळा जिल्हा होता. जुन्या दप्तरात 'अचलपूर' शोधत बसलात तर हाती धुपाटणं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ घ्या. कपाशीचं जुनं वाण 'पीकेव्ही रजत', सोयाबीनचं नवं 'पीडीकेव्ही अंबा'. दोन्ही एकाच घरची, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी सांगावं लागत नाही, कारण दोन्ही नावं त्याच्या कानावरून गेलेली आहेत. पण नवख्याला ते कोणीतरी सांगावंच लागतं. डॉक्युमेंटेशन हे त्या नवख्यासाठीच असतं ना?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नाव बदलणाऱ्यानेच कागद बदलावा, त्याच दिवशी. नव्या नावाशेजारी जुनं नाव आणि कोणत्या आवृत्तीत बदललं ते लिहावं. उदाहरण चालवून बघितल्याशिवाय छापू नये. जुनी पानं जाळू नयेत, जुनी आवृत्ती वापरणारे असतातच. फक्त वर ठळक लिहावं, हे अमुक आवृत्तीपर्यंतचं आहे. आणि वर्षानुवर्षं त्याच मॅन्युअलच्या झेरॉक्स वाटणाऱ्या गुरुजनांनीही वर्षातून एकदा, फक्त एकदा, त्यातला पहिला प्रोग्रॅम स्वतः टाइप करून बघावा. एवढं मागणं जास्त आहे का?

यात बुद्धी लागत नाही. लाज लागते थोडी.

असो. भाचीला फोनवरच सांगितलं, दोन ओळींत 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' लिही. चाललं. दुसऱ्या दिवशी तिने मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो पाठवला. समासात पेन्सिलने लिहिलं होतं, "टॉमकॅट १० असेल तर जावाएक्स नाही, जकार्ता." म्हणाली, "पुढच्या वर्षी हे ज्युनिअरच्या हातात जाईन ना, म्हणून."

एका ओळीचं काम होतं. दुसऱ्या वर्षातल्या पोरीला सुचलं.