दिवाळीत बंद होणारी उन्हाळ्याची दारे

भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी बाहेर गेलेले आपले विद्यार्थी दरवर्षी एप्रिलच्या सुमारास आम्हांला एकच प्रश्न विचारतात: सुट्टीत एखाद्या संस्थेत संशोधनाची संधी मिळेल काय? प्रश्न उत्तम असतो, पण वेळ टळून गेलेली असते. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपास भरावे लागतात. अन्य संस्थांची दारेही वार्षिक परीक्षेच्या पुष्कळ आधी मिटलेली असतात. मोठ्या शहरातील मुलाला ही वार्ता वरच्या वर्गातील मित्राकडून, कधी घरी जेवताना वडिलांकडून कळते. आपल्या मुलाच्या घरी विज्ञानाचा पदवीधर बहुधा तोच पहिला. त्याला कोण सांगणार? गुणवत्तेच्या नावाने ज्या याद्या लागतात, त्यांत माहितीचा असा वारसाहक्क किती आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

‘ज्याला हवे तो शोधील’ हे उत्तर आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे. ते आम्हांला मान्य नाही. बाबासाहेबांच्या प्रज्ञेविषयी आणि चिकाटीविषयी कोण शंका घेईल? तरीही 1913 साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती लागलीच. पुढे 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढताना, होतकरू मुलगा आपली वाट आपणच शोधील असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत.

संधी नाहीत असे नव्हे. मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालवते. आधी शिबिर, मग निवडलेल्यांना दीर्घकाळ चालणारा प्रकल्प. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचेही सुट्टीतील कार्यक्रम असतात. केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीच्या वार्षिक 80,000 रुपयांपैकी 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठीच राखलेले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्यास पदवीचे चौथे वर्ष संशोधनात घालवता येते. मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात मार्गदर्शकच नसेल, तर ती तरतूद कागदावरच राहते.

यापुढची अडचण पत्राची. आपली मुले एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांना पाठवतात: ‘मला संशोधनाची आवड आहे, कृपया संधी द्यावी.’ अशी पत्रे रोज येतात आणि उत्तराविना राहतात. ज्या पत्रात त्या प्राध्यापकाचा एखादा निबंध वाचल्याचे, त्यातले अमुक कळले आणि तमुक अडले असे लिहिलेले असते, ते थांबून वाचले जाते. सोबत स्वतः केलेले लहानसे काम असेल तर अधिकच. येथे आमची खरी तक्रार महाविद्यालयीन प्रयोगशाळेविषयी आहे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण 9.8 यायला हवे हे आधीच ठाऊक असते. निरीक्षणे मागाहून जुन्या प्रयोगवहीतून उतरवली जातात. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयातून गेलेल्या मुलाने तरी असे करू नये. त्याच्या लंबकाचे उत्तर 9.5 आले, तर तेच लिहावे आणि दोरी, घड्याळ, हात यांपैकी कोणी फसवले याचा माग काढावा. संशोधनाची सुरुवात तेथेच होते.

त्यासाठी महागडे उपकरणही नको. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा सुमारे दोन दिवस एकवीस तासांनी काही वेळ मंदावतो, आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने 1783 मध्ये, विशीही गाठली नसताना, त्या मंदावण्याचा कालावधी मोजून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला. एखादे काळोखे पिंड त्याच्याभोवती फिरत असावे, असा तर्कही केला. आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून हिवाळ्यात तो तारा उत्तम दिसतो. दोन महिन्यांच्या निरीक्षणांची प्रामाणिक वही गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलकी ठरते.

निवड झाल्यावरही सारे सुरळीत होते असे नाही. मे-जून म्हणजे पेरणीपूर्वीची मशागत, किंवा मजुरी करून पुढच्या वर्षाची फी जमवण्याचे दिवस. विद्यावेतन नंतर हाती येते. गाडीभाडे, पहिल्या आठवड्याचे जेवण आणि घरची बुडालेली मजुरी आधी उभी राहते. अशा वेळी मुलगा ‘प्रकृती ठीक नाही’ असे कळवून जागा सोडतो, आणि मुलीच्या बाबतीत तर दूरच्या शहरात एकटी राहील कशी, याच प्रश्नापाशी विषय संपतो. ही गळती कोणत्याही अहवालात दिसत नाही.

हे सारे आताच का लिहावे? आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. तेथे पहारेकरी आणि बांधकाम मजूर आसपासच्या गावांतून मिळतील, यात शंका नाही. निरीक्षणांचे विश्लेषण करणाऱ्यांत आपले कोणी असेल काय, हे आज पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींवर, आणि त्यांच्याइतकेच आपल्यावर, अवलंबून आहे.

म्हणून माजी विद्यार्थी मंडळाने या वर्षापासून प्रवासनिधी उभारावा, आणि तो परतफेडीच्या अटीविना द्यावा. भौतिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने दोन विद्यार्थ्यांची पत्रे पाठवण्यापूर्वी वाचून द्यावीत; मुलींच्या निवासाची चौकशी त्या शहरात असलेल्या माजी विद्यार्थिनींनी करावी. अर्जांच्या तारखांचा तक्ता सप्टेंबरमध्येच महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठवावा आणि विद्यालयातही लावावा, म्हणजे दहावी-बारावीची मुले त्या तारखा आधीपासून ओळखू लागतील. तो कार्यालयाबाहेरच्या काचपेटीत मात्र नको. भोजनगृहाच्या दाराशी लावावा. तेथे दिवसातून दोन वेळा प्रत्येक जण ताट घेऊन रांगेत उभा असतो.