चार हात पुढची जमीन

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भंडारा ओलांडून साकोलीकडे निघाला की वाटेत लाखनी लागते. रात्रभर मालमोटारींचा आवाज ऐकत झोपणारे हे गाव. वायव्येला रामटेक आहे. तेथे टेकडीच्या पायथ्याशी भगवान शांतिनाथांची उत्तुंग खड्गासन मूर्ती विराजमान आहे आणि आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास त्या क्षेत्री झाले. पूर्वेला, छत्तीसगडच्या हद्दीत, डोंगरगढ आहे. तेथील चंद्रगिरीवर 18 फेब्रुवारी 2024 रोजी महाराजांनी समाधिमरण साधले. या दोन क्षेत्रांच्या मधल्या मुलखात राहणाऱ्या श्रावकाला विहार म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने पिच्छी-कमंडलू घेऊन चालणारी पावले त्याने पाहिलेली असतात.

आता त्याच रस्त्यावर पहाटे आणखी एक दृश्य दिसते. डोक्यावर शिरस्त्राण चढवलेले, गिअरच्या सायकलींवर स्वार झालेले तरुण. सुटीच्या दिवशी पन्नास, शंभर, कधी दोनशे किलोमीटरचा पल्ला गाठण्याची त्यांना ओढ असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र दोन शंका असतात. एक शंका जिवाच्या भीतीची: या अवजड वाहनांच्या गर्दीत मुलाचे काय होईल? दुसरी धर्माची: या चाकाखाली किती जीव जातील? दोन्ही शंका खऱ्या आहेत. त्या हसण्यावारी नेऊ नयेत, आणि त्यांच्यापायी सायकल भिंतीला टेकवून ठेवण्याचेही कारण नाही.

उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात ईर्यासमितीचे विवेचन आहे. साधूने चालताना चार गोष्टींची शुद्धी पाहावी: आलंबन, काळ, मार्ग आणि यतना. हा आचार महाव्रतींचा आहे. साधू वाहन वापरत नाहीत, त्यामुळे सायकलीला विहाराची जागा देता येणार नाही. तरीही गृहस्थाने आपला प्रवास याच चार कसोट्यांवर घासून पाहिला, तर वरील दोन्ही शंकांची उत्तरे त्याच्या हाती लागतात.

पहिली कसोटी आलंबनाची. निघायचे ते कशासाठी? साधूच्या गमनाला ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य यांचा आधार असावा लागतो. गृहस्थाच्या भ्रमंतीत निदान ज्ञानाचा अंश असावा. स्पेन देशात सांतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थाकडे शेकडो वर्षांपासून यात्रेकरू पायी जातात. हल्ली कित्येक जण सायकलने जातात. यात्रेचे प्रमाणपत्र हवे असेल तर पायी जाणाऱ्याला किमान 100 किलोमीटर, सायकलस्वाराला किमान 200 किलोमीटर अंतर कापावे लागते. चाकाने श्रम हलके होतात, म्हणून अंतर दुप्पट. त्याच देशात सेगोव्हियाच्या परिसरात डुरातोन नदीने चुनखडकात खोल घळ कोरली आहे. घळीच्या कड्यावर सान फ्रुतोस या संताच्या नावाचा भग्न मठ आहे आणि वर गिधाडे घिरट्या घालतात. दूरदूरचे सायकलस्वार तेथे जातात ते नदी, खडक आणि इतिहास यांचे एकत्र दर्शन घडते म्हणून.

लाखनीच्या सायकलस्वाराला यासाठी परदेशी जावे लागत नाही. कारधा, पहेला, अड्याळ, पवनी ही नावे ज्या पट्ट्यात येतात, तो वैनगंगेचा पट्टा आहे. आंभोऱ्याला वैनगंगेला कन्हान येऊन मिळते. पाच नद्यांचा संगम म्हणून हे स्थान पूज्य मानले जाते. टेकड्यांच्या कुशीत चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि नदीवर आता केबलांनी पेललेला भव्य पूल उभा आहे. शके 1110 मधील ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांची अंभानगरी ती हीच, असे विदर्भातील अभ्यासक मानतात. आंबेजोगाईकरांचा दावाही तितकाच जुना आहे. वाद कसाही सुटो, मराठी भाषेचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्याशी जोडलेला हा काठ लाखनीहून सायकलने एका सकाळीत गाठता येतो.

पुढे पवनी. मातीचा प्रचंड तट, बाहेर खंदक आणि आत नांदते गाव. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. त्याचा व्यास सुमारे 40 मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. तेथील दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठच्या सामान्य गृहस्थांनी श्रमणांसाठी आपली कमाई दिली, याची ती साक्ष. श्रमण परंपरेच्या दोन्ही शाखा गृहस्थांच्या दानावरच जगल्या, हे जैन वाचकाला सांगावयास नको. मोटारीच्या काचेतून पवनीचा तट म्हणजे एक मातीचा उंचवटा. सायकलवरून तोच तट चढ म्हणून पायांना जाणवतो, आणि तो उभारणाऱ्या हातांचा विचार मनात येतो.

दुसरी कसोटी काळाची. साधूचे गमन दिवसाचे, रात्रीचे नव्हे. सायकलस्वारानेही सूर्योदयानंतर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी घर गाठावे. अंधारात जीव दिसत नाहीत आणि चालकांना सायकलही दिसत नाही. धर्म आणि सुरक्षितता येथे एकच गोष्ट सांगतात. नवकारशी पारून निघाले, चौविहारापूर्वी परतले, डब्यात खाखरा आणि बाटलीत घरचे उकळलेले पाणी घेतले, तर नियम कोठेही मोडत नाही. वर्षाकाळाचा विचार याहून कठोर. मृगाचे किडे, गांडुळे, गोगलगायी, वाणी यांनी धानाच्या बांध्यांमधले ओले रस्ते भरून जातात. साधू ज्या कारणाने चार महिने एका जागी थांबतात, त्याच कारणाने श्रावकाने या दिवसांत हौसेची दौड थांबवावी. कार्तिकी पौर्णिमेनंतर रस्ते कोरडे होतात, धान कापणीला येते आणि सायकलीचा खरा हंगाम सुरू होतो.

तिसरी कसोटी मार्गाची. उन्मार्ग टाळावा, असे सूत्र सांगते. पल्ला मोजणाऱ्याला महामार्गाचा मोह होतो, कारण तो सरळ आणि गुळगुळीत आहे. परंतु तेथे सायकलस्वाराला स्वतःची अशी जागा नाही. पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींचे अपघात ऐकून समाजाचे मन किती वेळा हळहळले आहे! विहारात पुढे-मागे चालणारे श्रावक असावेत, ही काळजी आता सर्वत्र घेतली जाते. तीच काळजी आपल्या मुलांसाठीही घ्यावी. गावांना जोडणारे आतले रस्ते अंतराने लांब आणि खाचखळग्यांचे खरे; पण मामा तलाव त्याच रस्त्यांवर भेटतात. मालगुजारीच्या काळातील हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य होते. पाणी कोठे अडेल हे त्यांनी जमिनीवर चालत ओळखले. त्या तलावांच्या पाळीवर थांबण्यासाठी महामार्गावरून वाट नसते.

चौथी कसोटी यतनेची, आणि सर्वांत अवघड. दृष्टी युगमात्र, म्हणजे सुमारे चार हात पुढच्या जमिनीवर असावी. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंत ते चार हात मागे पडलेले असतात. चाकावर बसलेल्याने दृष्टी अधिक लांब टाकावी आणि जेथे जीव अधिक तेथे वेग कमी करावा. गावाची वेस, तलावाची पाळ, जंगलाचा पट्टा, रस्त्यावर वाळत घातलेले धान: येथे पायी चालण्याइतकीच गती पुरे. सूत्र आणखी एक गोष्ट सांगते. चालताना इंद्रियांचे विषय तर सोडावेतच, त्या वेळी स्वाध्यायही करू नये. चालणाऱ्याने केवळ चालण्याचेच भान ठेवावे. ज्या धर्मात चालताना शास्त्रपठणही मना, तेथे कानांत गाणी लावून सायकल हाकण्याला जागा कोठून असणार?

एवढे करूनही हिंसा पूर्ण टळते असे नाही. गृहस्थाच्या प्रत्येक आरंभात ती आहे, म्हणूनच संध्याकाळचे प्रतिक्रमण आहे. परंतु यतनेने जाणारा आणि बेभान जाणारा यांच्या कर्मबंधात अंतर आहे, हे शास्त्राचे सांगणे आहे.

आणि हळू जाणाऱ्याला काही गोष्टी पाहाव्याच लागतात. आंभोऱ्यापासून पुढे जे अथांग पाणी दिसते, ते गोसेखुर्द प्रकल्पाचे. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या 33 दारांच्या धरणाने शेतांना पाणी दिले, आणि नागपूर-भंडाऱ्याच्या कित्येक गावांना आपली घरे, देवळे, शेते सोडायला लावली. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे याच जलाशयात उतरते. वाऱ्यासोबत तो वास सायकलस्वाराच्या नाकात शिरतो. मोटारीची काच तो बाहेरच ठेवते. पाण्यातही जीव मानणाऱ्या समाजाच्या मुलाने तो वास घेऊन घरी यावे आणि आपल्या घरातून नाल्यात काय सोडले जाते, याचा विचार करावा.

चाकाच्या काडीला संस्कृतात ‘अर’ म्हणतात, आपल्या बोलीत ‘आरा’. जैन कालचक्राचेही बारा आरे आहेत, आणि आपण अवसर्पिणीच्या पाचव्या आऱ्यात जगतो आहोत. ते मोठे चक्र थांबवणे कोणाच्या हाती नाही. सायकलीचे चाक मात्र वाटेत मुंगळ्यांची रांग दिसली की थांबवता येते. लाखनीच्या तरुणाने पुढच्या सुटीला निघताना मोजायचेच असेल, तर किलोमीटरांसोबत आपण किती वेळा थांबलो, तेही मोजावे.