अकरा मुखपृष्ठं आणि एक डिलीट केलेलं टिपण

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री नऊला आमच्या वाचन गटाची गुगल मीट असते. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येकाने 'या महिन्यात मी काय वाचलं' ते ग्रुपवर लिहायचं, असा नियम आहे. नियम मीच सुचवला होता. तीन वर्षांनंतर स्पष्ट सांगतो, त्या नियमाचं आपण मातेरं केलं आहे.

गेल्याच महिन्याचं बघा. एका साथीने अकरा पुस्तकांची मुखपृष्ठं एकत्र जोडून टाकली. खाली एकच ओळ, 'क्रांतिकारी महिना'. त्यावर निळ्या हृदयांचा आणि टाळ्यांचा पाऊस. अकरा पुस्तकं वाचणं गुन्हा नाही, पण त्या अकरांतल्या एकाबद्दलही दोन वाक्यं नव्हती आणि ती आपण कुणी मागितलीही नाहीत. त्याच रात्री आणखी एक पोस्ट आली होती. चाकणला रात्रपाळी करणारा एक मुलगा. त्याने लिहिलं होतं, 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची सतरा पानं झाली, सुवर्ण विनिमय प्रमाण म्हणजे नक्की काय ते डोक्यात शिरत नाही, कुणी समजावेल का?

त्याला मिळाले तीन अंगठे. त्यातला एक माझा.

दरवर्षी १ एप्रिलला 'रिझर्व्ह बँक कुणामुळे?' हा संदेश आपण किती जण पुढे ढकलतो? आणि १९२३ च्या त्या ग्रंथात बाबासाहेब नेमकं काय म्हणतात, हे आपल्यातले किती जण सांगू शकतील? केन्सने ज्या व्यवस्थेची बाजू घेतली होती तिच्यावर बाबासाहेबांनी हल्ला चढवला. रुपयाचा परदेशी चलनाशी दर स्थिर ठेवण्यापुरतं बघणारी ती व्यवस्था, सरकार किती रुपये काढतं यावर तिथे खरा लगाम नाही. चलन वाढलं की महागाई वाढते आणि हातावर पोट असणारा भरडला जातो. म्हणून देशातल्या रुपयाची खरेदीशक्ती आधी स्थिर ठेवा, हा त्यांचा आग्रह. रात्रपाळीच्या पगारात घर चालवणाऱ्याला हे समजायला अवघड नाही, उलट आपल्यापेक्षा त्यालाच लवकर समजेल. दहा मिनिटांचं काम होतं. ते आपण केलं नाही, कारण आपल्याला वाचनाची चर्चा नको होती, वाचनाची हजेरी हवी होती.

फेसबुकवरच्या मोठमोठ्या मराठी वाचक गटांना आपण हसतो. तिथे कुणी 'बलुतं' वाचतं, 'अंगावर काटा आला, हृदयद्रावक' असं लिहितं आणि दुसऱ्या दिवशी त्याच उत्साहाने कोकणातल्या भुतांच्या कादंबरीवर लिहितं. बरोबर आहे, हसायलाच हवं. पण त्यांच्या अंगावर काटा येतो आणि आपली छाती फुगते, यापलीकडे फरक काय? पुस्तकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं दोघेही टाळतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायला मला महिना लागला.

आमच्या गटातल्या एका मुलीने बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचून दीड पानी टिपण टाकलं. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेलं हे आत्मकथन आपण 'दलित स्त्रीची वेदना' म्हणून यादीत घालतो आणि मोकळे होतो. तिने तसं केलं नाही. सासुरवासाला कंटाळून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जायचा, त्या भागावर ती थांबली. बाहेरच्या जुलमाइतकंच आपल्या वस्तीतल्या, आपल्या घरातल्या जुलमाबद्दल बेबीताई रोखठोक लिहितात, हे तिने दाखवलं. फलटणला छोटं दुकान चालवताना सामान बांधायला आलेले रद्दी पेपर त्या वाचायच्या आणि स्वतःचं लिखाण वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवायच्या, हेही तिने लिहिलं. आणि शेवटी विचारलं: आपल्या गटात बत्तीस पुरुष आणि सात बाया का? त्या सातांतल्या पाच जणींचा कॅमेरा आणि माइक नेहमी बंद का? 'माझा भाऊ याच गटात आहे. मी मीटला बसते तेव्हा भांडी कोण घासतं, ते त्याला विचारा.'

वीस मिनिटांत टिपण गायब. अ‍ॅडमिन तिघे. डिलीट एकाने केलं, दुसऱ्याने 'योग्य निर्णय' म्हटलं. तिसरा मी. मी 'नंतर बोलू' असं लिहिलं आणि नंतर बोललो नाही. ती मुलगी गट सोडून गेली.

डिलीट करणाऱ्या साथीचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते पोकळ नाही. तो म्हणतो, आज चहूबाजूंनी हल्ले आहेत. स्क्रीनशॉट बाहेर जातात. 'बघा, यांच्यातही हेच' म्हणायला विरोधक टपून बसलेत. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला?

साथी, १९३६ आठव. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातला मजकूर खटकला म्हणून परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी काय केलं? विरोधकाची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिला आपलं उत्तर जोडलं. टीकेला घाबरून मजकूर गाळायचा, हे काम लाहोरच्या मंडळाने केलं होतं. आपण त्या रात्री त्या मंडळाच्या बाकावर बसलो होतो.

आणि विरोधक ऐकतील म्हणून गप्प बसायचं असतं, तर मार्च १९५६ मध्ये आग्र्याला जाहीर सभेत बाबासाहेबांनी आपल्याच शिकलेल्या माणसांवरची नाराजी बोलून दाखवली नसती.

वाचून आलेलं चारचौघांसमोर ठेवणं ही आपल्याकडे काल आलेली फॅशन नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांचं म्हणणं आधी मांडलं, कुठे पटतं, कुठे नाही ते सांगितलं आणि मग जात टिकवण्यासाठी स्त्रीवर लादलेली बंधनं सतीपासून बालविवाहापर्यंत उलगडून दाखवली. म्हणजे जातीच्या प्रश्नात बाईचा प्रश्न त्यांनी पहिल्याच फटक्यात धरला होता. शंभरहून जास्त वर्षांनी आपल्या गटात तोच प्रश्न एका मुलीने विचारला तर तो 'विषयाबाहेरचा' कसा ठरतो?

म्हणून या महिन्यापासून मुखपृष्ठांचे फोटो बंद. किती पुस्तकं झाली, हे कुणी सांगू नये, विचारू नये. एक पान वाचलं असेल तरी चालेल, पण त्यातलं काय कळलं नाही आणि काय पटलं नाही, ते लिहायचं. बाबासाहेबांच्या पुस्तकाबद्दलही. एकही पान झालं नसेल तर का झालं नाही ते लिहा, बारा तासांची पाळी हेही वाचनाबद्दलचंच उत्तर आहे. रात्रपाळीवाल्यांसाठी मीट महिन्याआड सकाळी अकराला. अ‍ॅडमिनपैकी दोन जागा बायांच्या, त्यातली एक माझी मी रिकामी केली आहे. कुणाला हे फूट पाडणं वाटत असेल तर त्याने तसं गटात लिहावं, कुणी डिलीट करणार नाही.

परवा त्या मुलीला फोन केला. माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचं टिपण माझ्या फोनमध्ये आहे, येत्या रविवारी मी सर्वांना वाचून दाखवू का, असं विचारलं.

"नको दादा," ती म्हणाली. "माझं मी वाचीन. फक्त तुम्ही तिघांनी कॅमेरा चालू ठेवा. आणि भावाला सांगा, त्या दिवशी भांडी त्याची."