‘म’ मांदेलीचा का नाही?

शाळाप्रवेशाचा हंगाम जवळ आला की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी नर्सरी आणि केजीचे फलक झळकू लागतात. फलकावर हसरा ऑक्टोपस असतो, उडी मारणारा डॉल्फिन असतो आणि खाली फी हप्त्याने भरण्याची सवलत असते. चार घरची धुणीभांडी करणारी आई आणि कंत्राटावर सफाईचे काम करणारा बाप पोटाला चिमटा घेऊन तीन वर्षांच्या लेकराला तिथे घालतात. आपल्याला जे मिळाले नाही ते पोराला मिळावे, एवढीच त्यांची इच्छा असते. या इच्छेची कुणी टिंगल करू नये. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तक आहे त्यांनी तर मुळीच करू नये. परंतु घामाचा पैसा मोजून आपण नेमके काय विकत घेतो, हे पाहण्याचा अधिकार त्या आईबापांना आहे आणि ते सांगण्याची जबाबदारी चळवळीची आहे.

काय मिळते? एक छापील कागद मिळतो. आठवड्याचे अक्षर इंग्रजी ‘ओ’, आठवड्याचा विषय समुद्र. ऑक्टोपसचे आठ पाय रंगवायचे, ठिपक्यांवरून गोल गिरवायचा आणि सोमवारी घरून करून आणायचे. आई दमून आलेली. ती पोराला घोकून घेते, ‘ओ फॉर ऑक्टोपस, ओ फॉर ओशन’. आता हे शब्द जरा कान देऊन ऐका. ऑक्टोपसमध्ये आवाज ‘ऑ’ आहे, ओशनमध्ये ‘ओ’ आहे. त्याच कागदाच्या कोपऱ्यात कांदा काढला असेल तर त्याच्या इंग्रजी नावात, ‘अनियन’मध्ये, आवाज ‘अ’ आहे. आणि आकडे शिकताना ‘वन’ आला तर चक्क ‘व’! अक्षर एक आणि आवाज चार. ज्या मुलाच्या कानावर ही भाषा जन्मापासून पडते त्यालासुद्धा हे जड जाते. आपल्या मुलाने ऑक्टोपस पाहिलेला नसतो, ओशन हा शब्द ऐकलेला नसतो आणि आवाजाचा मेळ लागत नाही. मग ते पाठ करते. पाठ केलेले म्हणून दाखवले की पाहुण्यांसमोर आईची मान ताठ होते. पण त्या मुलाला वाचायला शिकण्याच्या वाटेवरचे एक पाऊलही मिळालेले नसते.

इंग्रजीला आमचा विरोध नाही, हे ठणकावून सांगतो. ज्या धर्मशास्त्रांनी समुद्र ओलांडणे पाप ठरवले त्यांना न जुमानता बाबासाहेब १९१३ साली समुद्रापार न्यूयॉर्कला शिकायला गेले. त्यांच्या अनुयायांना कुणी ‘मातृभाषेतच राहा’ असा उपदेश करू नये. त्यातही स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून दुसऱ्याला मराठीचे महत्त्व सांगणाऱ्यांनी तर नाहीच. आमचे म्हणणे वेगळे आहे. अक्षर हे आवाजाचे चित्र असते, ही गोष्ट मुलाला एकदा उमगली की ते कुठल्याही लिपीकडे धीटपणे जाते. आणि ही गोष्ट उमगायला मुलाच्या तोंडात आधीच असलेल्या भाषेसारखी सोपी वाट दुसरी नाही. आपल्याकडे अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज जवळजवळ एकच असतो. हा केवढा मोठा फायदा आहे आणि आपण तो फुकट घालवतो!

‘ग म भ न’ हा क्रम आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वळणाने सोपी अक्षरे आधी, असा त्यामागचा हिशेब. यातला ‘म’ घेऊ. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलासमोर आईने किंवा बापाने बसावे, ओठ मिटावेत आणि ‘म्’ म्हणावे. मूल ओठांकडे पाहते. घरात आरसा असेल तर त्यात स्वतःचे ओठ पाहते. हा झाला पहिला धडा. पाटी अजून आलेली नाही आणि यायलाही नको.

आता समुद्रात ‘म’ किती आहेत ते मोजा. मचवा, मासा, मीठ, मांदेली, मुशी, माकूल. हे माकूल म्हणजे त्या फलकावरच्या ऑक्टोपसच्याच भावकीतले. त्याला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा. मुंबईच्या ससून डॉकला, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला ते पाट्या भरभरून उतरते. किनाऱ्यावरच्या आपल्या मुलाने ते आजीच्या पाटीत पाहिलेले असते, बोटाने दाबून पाहिलेले असते. तरी त्याला शिकवायचा तो परदेशी कागदावरचा जांभळा ऑक्टोपस! एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. मासा ‘मा’चा आहे, मीठ ‘मी’चे आहे; काना-वेलांटी नसलेला निव्वळ ‘म’ मचव्यात आहे. म्हणून ओठांचा खेळ सगळ्या शब्दांनी खेळावा, पण अक्षर दाखवताना मचव्यापासून सुरुवात करावी. वर्तमानपत्राच्या कागदाचा मचवा करून परातीतल्या पाण्यात सोडला की मुलाला दुसरे काही सांगावे लागत नाही.

कुणी विचारील, वाशीमच्या किंवा बीडच्या मुलाने समुद्र कुठे पाहिला? नसेल पाहिला. पण समुद्र त्याच्या घरी रोज येतो. तो चुलीजवळच्या मिठाच्या डब्यात असतो. आठवडी बाजारातून आणलेल्या सुकटीच्या, बोंबलाच्या पुडीत असतो. मूठभर जाडे मीठ मुलाच्या हातावर ठेवावे. खरखरीत लागते की गुळगुळीत, ते त्याला सांगू द्यावे. मग ते पाण्यात विरघळवावे. मीठ गेले कुठे? एक थेंब जिभेवर ठेवू द्यावा. तेच पाणी पसरट थाळीत ओतून उन्हात ठेवावे. कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत थाळीच्या तळाशी मीठ परत येते. उरण-पेणच्या मिठागरांत हेच घडते आणि तिथे उन्हात राबणारी माणसे कष्टकरीच आहेत, हेही सांगता येते. बटाटा साध्या पाण्यात बुडतो, भरपूर मीठ घातले की त्याच पाण्यात तरंगतो. एवढ्या उद्योगात मूल ‘मीठ’ हा शब्द पन्नास वेळा उच्चारते. मग त्याच्यासमोर ‘म’ काढून दाखवा. तो त्याला परका वाटणार नाही.

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. सुकट, मांदेली, बोंबील हे शब्द बालवर्गाच्या छापील कागदावर का येत नाहीत? मासा येतो, पण तो काचेच्या भांड्यात पोहणारा, सोनेरी, शोभेचा. ताटातला मासा येत नाही. डब्यात मासे-मटण आणू नये, असे बजावणाऱ्या शाळा आपल्या शहरांत आहेत. आपल्या मुलाने शेजारच्या मुलाला सांगितले की आमच्याकडे आज सुकट होती, तर ते मूल नाक मुरडते. आणि पाच वर्षांचे आपले पोर घरी येऊन आईला म्हणते, ‘ते नको देऊ’. ही लाज मुलाला कुणी शिकवली? जे घरात आहे, जे आपण बोलतो, जे आपण खातो ते शिकण्याच्या लायकीचे नाही, हा धडा अक्षरांच्या आधी गिरवला जातो आणि आयुष्यभर पुसला जात नाही. मुलाचे पहिले अक्षर त्याच्या घरातल्या शब्दातून आले तर त्याला उलटा धडा मिळतो. आमच्या स्वाभिमानाच्या चळवळीला हा विषय किरकोळ वाटत असेल तर तो आमचा दृष्टिदोष आहे.

आता गिरवण्याविषयी. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चार ओळींच्या वहीत पानभर ‘म’ काढून घेणे हा छळ आहे. त्याची बोटे अजून तयार नसतात. पूर्वी शाळांत धूळपाटी असे. फळीवर बारीक माती पसरून बोटाने अक्षर काढायचे, फळी हलवली की पाटी कोरी. आपल्या पूर्वजांना त्या पाटीला हात लावू दिला नाही. आज ती आपल्या घरी परातीत तयार करता येते. चाळलेली वाळू पसरावी किंवा भाकरीआधीचे पीठ. पीठ वाया जात नाही, त्याची भाकरी होतेच. आधी नुसत्या लाटा काढू द्याव्यात, आडव्या, लहान-मोठ्या. मग आपल्या बोटाने मोठा ‘म’ काढावा. डावीकडून खाली उतरणारी रेघ, तळाशी गाठ, तिथून आडवी रेघ, मग उभा दंड आणि शेवटी डोक्यावर रेघ. त्या गाठीला जाळ्याची गाठ म्हणावे, मूल विसरत नाही. पाठोपाठ मुलाचे बोट. चुकले तर परात हलवायची. पाटीवर लाल फुली नाही, बोटांवर पट्टी नाही.

सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मूल उठून गेले तर जाऊ द्यावे. शंख-शिंपले, मणी फार लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, ती तोंडात घालतात. वाळू डोळ्यांत जाऊ देऊ नये. आणि पाण्याची परात असो की बादली, मुलाला तिच्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. वीतभर पाणीही जीव घेते.

हे सगळे आईनेच करायचे, असे गृहीत धरून पुष्कळ बाप हा मजकूर इथेच सोडतील. कार्यकर्त्यांना आम्ही विशेष करून सांगतो. जयंतीच्या मंडपात शिक्षणावर तासभर बोलणाऱ्याकडे स्वतःच्या पोरासाठी दहा मिनिटे नसतील तर त्या भाषणाचे काय करायचे? हेच वर्तमानपत्र वाचून झाले की मुलापुढे ठेवावे. ठळक मथळ्यांत ‘म’ कुठे कुठे आहे ते शोधून त्याभोवती खडूने गोल करायला सांगावे. बापाचा पेपर आपल्यालाही वाचता येतो, असे मुलाला वाटू लागते. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर तिला बाजूला बसवू नये. माशांची आणि बोटींची नावे तिच्याकडे आहेत, गाणी तिच्याकडे आहेत. आवाजाचा अर्धा धडा तीच देऊ शकते.

या पद्धतीला कुणी गरिबाची तडजोड म्हणू नये. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले ते सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने चाचपून शिकण्याची त्यांची रीत गरिबांच्या मुलांत घडली. आज त्यांचे नाव कुणाच्या फलकांवर आहे आणि फी किती आहे, ते आपण पाहतोच. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांनी ते काम कोसबाडला वाढवले. बियांपासून शंख-शिंपल्यांपर्यंत भोवताली जे मिळेल त्यातून त्यांनी शिकवण्याचे साहित्य केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली.

‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारचा झाला आहे आणि इथेच सावध राहिले पाहिजे. घरी शिकवा, असे आम्ही म्हणतो म्हणून सरकारने हात झटकू नयेत. राज्यघटनेचे मूळ ४५ वे कलम चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाविषयी बोलत होते. वयाची खालची मर्यादा त्यात नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आवळण्याची सूचना आली तेव्हा बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपायचे नसेल तर ते कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने काय केले? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतल्यांना नव्या ४५ व्या कलमात ठेवले, जिथे कोर्टात दाद मागता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे ११ वे कलम तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाचे पुष्कळ गोडवे आहेत. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

आणि ज्या अंगणवाडी सेविकेच्या खांद्यावर हे सारे आहे तिला पगार नाही, मानधन आहे. पोषण आहार, वजने, सर्वेक्षण, मोबाईलवरच्या नोंदी, एवढे उरकल्यावर तिने अक्षरे शिकवायची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिला अर्धशतक उलटले. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत मुलांना बसायला जागा आहे का, पाणी आहे का, रोज अर्धा तास तरी गाणी-गोष्टी होतात का, हे विचारायला शाखेची माणसे किती वेळा गेली?

ज्या विहारांत संध्याकाळी जागा मोकळी असते तिथे आठवड्यातून दोन दिवस पाच-सहा आया, दोन बाप आणि पंधरा मुले जमवता येतील. परात घरची, वाळू बांधकामावरची चाळून घेतलेली, मीठ दुकानातले. ‘म’ झाला की ‘भ’ घ्यावा. ‘म’ आणि ‘भ’ यांत मुले हमखास गफलत करतात, तेव्हा डोक्यावरची तुटलेली रेघ बोट ठेवून दाखवावी. ‘भ’ भरतीचा, परात एका बाजूने हळूच उचलली की पाणी दुसऱ्या काठाकडे चढते. ‘ग’ गळाचा आणि गलबताचा. ‘न’ नावेचा, नाखव्याचा आणि नांगराचा. नांगर म्हटल्यावर मराठवाड्यातले मूल शेताकडे बोट दाखवील आणि कोळीवाड्यातले पाण्याकडे. दोघांचेही बरोबर आहे, असे सांगून वाळूत ‘न’ काढायला घ्यावा.