पाना आमच्या हातात राहू द्या



कोरडवाहू मुलखात ज्या घरापुढे जीप, बोलेरो नाहीतर सुमो उभी असते, त्या घराला गाव 'मोठं' समजतं. हिशेब मांडला की हे मोठेपण उतरतं. गाडी बारा-पंधरा वर्षांची, बहुधा सेकंडहँड घेतलेली. तिच्यात सरकीच्या थैल्या येतात, फवाऱ्याचे पंप येतात, अडलेली बाळंतीण जाते, रात्री साप चावलेला माणूस जातो. ही गाडी आमची चैन नाही. एसटीचा शेवटचा फेरा गेल्यानंतरचा तो आमचा रस्ता आहे. आणि ती चालू ठेवण्याचा आमचा हक्क एकीकडून सरकार, दुसरीकडून कंपन्या कुरतडत आहेत.

आधी सरकारची करणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणीत पास झाली तर दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीसाठी १०,००० केले. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. आता कापसाकडे पाहा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२१-२२ ला ६,०२५ रुपये होता, २०२५-२६ ला ८,११०. म्हणजे चार वर्षांत वाढ ३५ टक्क्यांच्या आत. तीही कागदावरची, खेडा खरेदीत व्यापारी काय देतो ते तुम्हाला सांगायला नको. फी मात्र आठपट! आमच्या मालाला टक्क्यांनी मोजायचं आणि आमच्या गाडीला पटीनं, हा कुठला न्याय?

गावोगाव एक अफवाही फिरते, की १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. वय झालं म्हणून गाडी बाद, १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल, हा निर्बंध निघाला तो दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रासाठी. तुमच्या खाजगी गाडीला तो लागू नाही. तपासणीत पास झाली, फी भरली, की ती रस्त्यावर चालते. या अफवेच्या भीतीनं चांगली गाडी कवडीमोलानं विकून नवीचं कर्ज काढणारे भाऊ आहेत. त्यांच्या हप्त्याची तारीख पाऊस पाहून येत नाही.

आता कंपन्यांची करणी. जुन्या डीआय इंजिनाला संगणक नव्हता. पंप, नोझल, फिल्टर. तालुक्याचा मिस्त्री आवाजावरून दुखणं सांगायचा. नव्या कॉमन रेल इंजिनात बिघाड स्कॅनर लावल्यावर कळतो, आणि स्कॅनरची पुरी माहिती कंपनीच्या वर्कशॉपातच. तिथं दुरुस्ती कमी आणि बदली जास्त. एक सेन्सर गेला तर पूर्ण असेंब्ली बदला! स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सांगितला. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, स्वतंत्र गॅरेजला तपासणीची साधनं द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी तोडू नका, असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्र सरकारनं 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, शेती अवजारं आणि मोटारी दोन्ही त्यात धरल्या, इंटरनेटवर एक पोर्टलही काढलं. पण पोर्टलनं बोल्ट सुटत नाही. हक्काला कायद्याचे दात हवेत.

हा सगळा खेळ आम्हाला ओळखीचा आहे. पऱ्हाटीवर लाल्या पडला, की दुकानदार तीन बाटल्या हातात देतो. मुळाशी पाणी साचलं का, नत्र-मॅग्नेशियम कमी पडलं का, हे कोणी पाहत नाही. रोग ओळखण्याआधी औषध विकणं हा ज्यांचा धंदा, ते कृषी केंद्रात बसोत की वर्कशॉपात, त्यांना अडाणी गिऱ्हाईकच लागतं. म्हणून पहिलं काम, रोग आपण ओळखायचा.

सेल्फ मारला आणि नुसतं टकटक झालं, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा, घासा, आवळा. अर्थची पट्टी चेसिसला घट्ट आहे का पाहा. मीटर लावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनात १४ च्या आसपास दिसलं, तर बॅटरी आणि डायनामो बहुधा ठीक आहेत. इंजिन फिरतं पण घेत नाही, तर डिझेल लाइननं हवा घेतली असेल. जुन्या डीआयची हवा तुमच्या ट्रॅक्टरसारखीच हातपंपानं निघते. कॉमन रेलची लाइन मात्र उघडू नका. तिच्यातला दाब कातडी फाडतो. फिल्टरच्या तळाचं पाणी वरचेवर काढा.

धूर वाचायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर झाडा. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. तापलेल्या इंजिनातून पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. गाडी तापते? फॅनचा पट्टा, रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅट या क्रमानं पाहा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. ज्या क्षारानं ठिबकची छिद्रं बुजतात, त्याच क्षारानं रेडिएटरच्या नळ्या बुजतात. आणि तापलेलं झाकण उघडायचं नाही, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग जाणत्या मिस्त्रीकडेच. काटकसर जिवावर करायची नसते.

शहरातले विद्वान म्हणतील, जुन्या गाड्या धूर ओकतात. नव्या इंजिनाइतकी जुनी गाडी स्वच्छ होणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण धूर बराचसा दुखण्याचा असतो, आणि दुखणं दुरुस्तीनं बरं होतं. आम्ही तपासणीतून सूट मागत नाही. गाडी तपासा, नापास झाली तर थांबवा. नुसत्या वयाला दंड कशाला?

जीएसटीचंही ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि त्याच्या ठरावीक भागांवर ५ टक्के. मोटारीच्या सुट्या भागांवर १८. कारखानदार आपल्या मालावर भरलेला कर वजावट म्हणून परत घेतो. आम्ही क्लच प्लेटवर भरलेला कर कापसाच्या भावात कुठून काढणार?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे ठराव असे. तपासणीत पास झालेल्या खाजगी गाडीची नूतनीकरण फी पुन्हा ६०० रुपये करा. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा. सुट्या भागांच्या किमती, नकाशे आणि स्कॅनरची माहिती प्रत्येक गॅरेजला मिळालीच पाहिजे. सुट्या भागांवरचा जीएसटी ५ टक्के करा. आणि एक ठराव आपला आपल्यासाठी: दर तालुक्यात वर्षातून एकदा, पेरणीआधी, दुरुस्ती शिबिर घ्या. मिस्त्री आपलाच, गाड्या आपल्याच. पोरांबरोबर पोरींनाही बोलवा. रात्री दवाखान्यात जायचं तेव्हा घरात कोण असेल, सांगता येत नाही.

घरचं बियाणं गेलं, आता पिशवीच्या भावावर आमचा काही इलाज चालत नाही. पान्याचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर बैठकीला या. येताना गाडीचा पाना घेऊन या.