नाडी मोजताना हुकलेला आकडा

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक आजी आल्या. छातीत धडधडते, ही तक्रार. अशा रुग्णाची नाडी मी पूर्ण एक मिनिट मोजतो, कारण मध्येच ठोका चुकतो का हे १५ सेकंदांत कळतेच असे नाही. चाळीसपर्यंत आलो आणि टेबलावरचा मोबाईल थरथरला. उचलला नाही, नुसती नजर गेली. तेवढ्यात आकडा हुकला.

आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आधी तुमचं काय ते बघून घ्या, मी बसते."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. ओशाळून मी पुन्हा मनगट धरले, १५ सेकंद मोजले, चारने गुणले आणि कागदावर लिहून टाकले.

वाचकहो, फोन घेतला नाही म्हणजे लक्ष ढळले नाही, असे आपण समजतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात वा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. आवाज सर्वांचेच बंद. बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेले सरस ठरले. पुढे काही प्रयोगांत हा फरक तितका आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण माझा हुकलेला आकडा मला पुरेसा आहे.

मनाला आवर घाला, असे सांगणे सोपे. मला ते जमत नाही. वस्तूच दूर ठेवणे जमते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हेच केले. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. एकट्याने घरात बसून नियम पाळण्यापेक्षा हे सोपे, कारण शेजाऱ्याचाही बंद असतो.

माझा फोन आता कंपाउंडरच्या खणात असतो. तातडीचे असेल तर तो हाक मारतो. पहिले आठ दिवस हात उगाच टेबल चाचपत असे. मुलाला तंबाखू सोडायला सांगणारा मी!

परवा आजी पुन्हा आल्या. पूर्ण मिनिट नाडी मोजली. ठोका दोनदा चुकला. लगेच ईसीजी काढायला पाठवले. मागच्या खेपेलाही तो चुकत होता का, हे आता मला सांगता येणार नाही.